स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर पचन आणि शुगर कशी सांभाळायची

जुनाट पॅनक्रिएटायटिसचं (स्वादुपिंडाच्या जुन्या सुजेचं) ऑपरेशन मुख्यतः दुखणं थांबवायला करतात. निबर झालेली ग्रंथी त्यानं पुन्हा रस बनवू लागत नाही. म्हणून ऑपरेशनआधीच एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि शौचातलं इलास्टेज (स्वादुपिंडाच्या रसातलं एक एन्झाइम, म्हणजे पाचक द्रव्य) तपासून ठेवा. इलास्टेज २०० च्या खाली म्हणजे रस कमी, १०० च्या खाली म्हणजे फारच कमी. जुलाब चालू असताना नमुना देऊ नका, आकडा खोटाच खाली येतो.

सर्जनना विचारा, ग्रंथी किती काढणार? नुसती ग्रंथीतली रसाची नळी उघडून आतड्याला जोडली तर ग्रंथी जवळपास तेवढीच राहते. शेपटाकडचा भाग काढला तर मधुमेहाचा धोका वाढतो, कारण इन्सुलिनच्या पेशी तिकडे जास्त दाट असतात. प्लीहाही काढणार असतील तर लसींचं आधीच विचारा, कारण ती गेल्यावर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

रस कमी असेल तर एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात; त्यात बहुतेकांचं चुकतं ते वेळेत. मुख्य जेवणाला साधारण २५,००० ते ५०,००० युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) लागतं, मधल्या खाण्याला निम्मं. नेमका डोस डॉक्टर ठरवतील. पहिल्या घासाबरोबर एक, उरलेली जेवता जेवता. हात धुतल्यावर घेतलेली कॅप्सूल वाया जाते, कारण अन्न पुढे निघून गेलेलं असतं. चावूही नका. शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेलच असतं, तेव्हा भाकरीबरोबर शेंगा चटणी घेतली तर कॅप्सूल चुकवू नका. पण तेल-तूप पार बंद करून वजन घटवणं त्याहून वाईट. शौच तेलकट आणि संडासाच्या भांड्याला चिकटणारं असेल तर डोस कमी पडतोय. डॉक्टर तो वाढवतात किंवा आम्ल कमी करणारी गोळी जोडतात. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात डबी गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेनं एन्झाइम निकामी होतं. हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं. हरकत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, परस्पर बंद करू नका.

स्वादुपिंडाच्या आजारामुळे किंवा ऑपरेशनमुळे होणाऱ्या मधुमेहात शुगर वर खेचणारं ग्लुकागॉनही कमी पडतं, त्यामुळे ती अचानक कोसळते. इन्सुलिन घेऊन जेवण लांबवू नका. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

वर्षातून एकदा ड जीवनसत्त्व आणि वजन तपासा. दारू आणि बिडी-सिगारेट चालू राहिली तर उरलेली ग्रंथीही निबर होत जाते.