खोलीत होते त्यांचं गाणं

अमेरिकेतल्या नॅशव्हिल या कंट्री म्युझिकच्या गावात गाणं लिहायची वेळ साधारण सकाळी दहा-अकराची. मंगळवारी अकरा ठरलं असेल, तर अकराला गिटार ट्यून होऊन मांडीवर आलेली असते. मी नाशिकहून गेले तेव्हा गाणं म्हणजे रात्री उशिरा, एकटीनं, मन भरून आलं की लिहायची गोष्ट, अशी माझी समजूत होती. इथे दोघं-तिघं मिळून कामाला बसल्यासारखी बसतात आणि दुपारपर्यंत गाणं उभं करतात. याला को-राइट म्हणतात. गावातला बराच धंदा, बहुतेक मैत्र्या आणि काही प्रेमंही या खोलीत जुळतात. म्हणून कंट्री म्युझिकच्या ओढीनं तिकडे निघालेल्यांना मी सगळ्यात आधी खोलीबद्दल सांगते.

पहिल्या आठवड्यात समोरच्या मुलानं कागदावर कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या, नावांऐवजी 1, 4, 5, 6 असे आकडे लिहिले आणि माझ्या पोटात गोळा आला. दहा मिनिटांनी उलगडा झाला. हार्मोनियमवर काळी चार धरा की पांढरी एक, सा सरकला तरी सरगम तीच राहते ना? हे तेच आहे. 1 म्हणजे सा वर उभी असलेली कॉर्ड, 4 म्हणजे म वरची, 5 म्हणजे प वरची. गायिकेला पट्टी चढी वाटली तर पट्टी खाली आणतात, कागद तसाच राहतो. जॉर्डनेअर्स या गायकचमूतल्या नील मॅथ्यूजनं 1950 च्या दशकात ही पद्धत सुरू केली, चार्ली मॅकॉयसारख्या वादकांनी ती स्टुडिओंमध्ये रुजवली. सरगम शिकलेल्या कुणालाही ती एका दुपारी येते. आपलं शिक्षण तिकडे उपयोगाचं नाही या भीतीनं कुणीही थांबू नये, हे मला फार मनापासून वाटतं.

त्या खोलीत आम्ही तिघं असायचो. मी, माझी अलाबामाची रूममेट आणि ओक्लाहोमाचा तो मुलगा. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एका मंगळवारी मी एक आठवण सांगितली. बाबांची सातपूरला सेकंड शिफ्ट असायची आणि आई दाराबाहेरचा दिवा मध्यरात्रीपर्यंत चालू ठेवायची. मुलगा लगेच गिटार वाजवायला लागला. रूममेट मात्र बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दिवा कुणासाठी आहे ते आत्ता सांगायचं नाही. शेवटच्या कडव्यात कळू दे." बस, गाणं तिथे झालं. पहिल्या कडव्यात ऐकणाऱ्याला वाटतं की बाई नवऱ्याची वाट बघतेय. दुसऱ्यात तो घरी आलेला आहे, तरी दिवा जळतोच आहे. तिसऱ्यात घर सोडून गेलेली मुलगी येते. ध्रुवपदाचे शब्द तिन्ही वेळा तेच, अर्थ मात्र दर वेळी वेगळा. कंट्री गाण्याची ताकद या वळणात आहे. शब्द साधे, वस्तू रोजच्या आणि गोष्ट अशी रचलेली की तेच ध्रुवपद शेवटी वेगळं ऐकू यावं. उपमांच्या मागे लागू नका. दिवा पिवळा होता की पांढरा, ते लिहा.

या गावाचा अलिखित नियम असा की खोलीत जितके जण असतील तितके समान वाटे. कुणी अख्खं कडवं दिलं, कुणी एक शब्द, याचा हिशेब करत नाहीत. लेखी काही नसेल तर अमेरिकी कायदाही सहलेखकांना साधारणपणे समान भागीदार धरतो. आकडे छोटे असतात, म्हणून तर हे आधी ठरवायचं. 2023 मध्ये सीडी किंवा डाउनलोडच्या एका प्रतीमागे गीतकारांच्या बाजूला 12 सेंट येत. तिघं असतील तर प्रत्येकी 4. नेहमीच्या करारात पब्लिशर, म्हणजे गीतकाराची गाणी सांभाळणारी आणि खपवणारी कंपनी, निम्मे घेतो, म्हणजे हातात 2. रेडिओवर गाणं वाजलं की गीतकाराला मानधन मिळतं, तिथल्या एएम-एफएमवर गायकाला मिळत नाही. हे पैसे अॅस्कॅप, बीएमआय किंवा सेसॅक या संस्था गोळा करतात, आपल्याकडे आयपीआरएस करते तसे. पण गाण्याची नोंद लेखकांनी किंवा त्यांच्या पब्लिशरनं करावी लागते, आणि माझी चूक तिथेच झाली.

तोवर ओक्लाहोमाचा तो मुलगा आणि मी एकमेकांचे झालो होतो. एका रविवारी आम्ही दोघांनीच ते गाणं पुन्हा काढलं. दुसऱ्या कडव्यातल्या रूममेटच्या दोन ओळी काढून आमच्या घातल्या आणि नोंद करताना दोनच नावं टाकली. तिनं फक्त कल्पनाच तर दिली, असं आम्ही एकमेकांना पटवलं. प्रेमात असताना आपण दोघं म्हणजेच अख्खी खोली वाटायला लागते. महिन्याभरानं एका गायिकेच्या माणसांनी गाणं होल्डवर घेतलं. होल्ड म्हणजे, आमचं ठरेपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ नका, एवढंच. पैसे नाहीत, कागद नाही. आनंदाच्या भरात मी रूममेटला डेमो ऐकवला. खाली नावं वाचून ती काही बोलली नाही, तिनं भांडी घासायला घेतली. त्या रात्री मी नोंद दुरुस्त केली, तिसरं नाव आणि तिसरा वाटा घातला. ती आठ महिने माझ्याबरोबर लिहायला बसली नाही.

तेव्हापासून खोलीतून उठायच्या आधी तिघांच्या फोनवर एक मेसेज जातो. गाण्याचं नाव, तारीख, लेखक, वाटे. दोन मिनिटांचं काम आहे. प्रियकराबरोबर लिहिलंत तरी तो मेसेज पाठवाच. नातं तुटलं तरी सहलेखन तुटत नाही. त्याची-माझी अकरा गाणी आजही दोघांच्या नावावर आहेत आणि त्यांच्याबद्दल विचारणा आली की मला त्याला फोन करावाच लागतो. लेखन आणि संसार एकत्र निभावणारेही आहेत. 1950 मध्ये नॅशव्हिलला आलेले फेलिस आणि बूडलो ब्रायंट हे नवरा-बायको केवळ गाणी लिहून जगले, तेही त्या गावात असं कुणी फारसं करत नसताना. त्यांची गाणी हिशेबाच्या जाड वह्यांत लिहिलेली असत. मला त्या वह्यांचं फार अप्रूप आहे.

बाकीचं थोडक्यात. शिकायला जायचं तर बेलमाँट विद्यापीठ म्युझिक रो या संगीत कंपन्यांच्या भागाला लागूनच आहे आणि जवळच्या मर्फ्रीसबरोला मिडल टेनेसी स्टेट आहे. दोन्हीकडे गीतलेखन रीतसर शिकवतात. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पहिलं शैक्षणिक वर्ष कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला फार तर 20 तास करता येतं. गाण्याचा कुठलाही करार करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचारा, मित्राचं ऐकून सही करू नका. पब्लिशर दर महिन्याला जे पैसे देतो त्याला ड्रॉ म्हणतात. तो पगार नव्हे, पुढच्या रॉयल्टीतून वळती होणारी उचल आहे. लोक नॅशव्हिलला दहा वर्षांचं गाव म्हणतात, म्हणजे काही घडायला तेवढी वर्षं लागतात. मला सात झाली.

आणि ब्लूबर्ड कॅफेला जा. 1982 चं, दुकानांच्या रांगेतलं छोटंसं ठिकाण, जेमतेम नव्वद खुर्च्या. गीतकार मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात, ऐकणारे भोवती. कुणी बोललं तर गप्प करतात. सोमवारी ओपन माइक असतो, नवख्यांनाही गाता येतं.

आमचं गाणं होल्डवरून पाच महिन्यांनी परत आलं, गायिकेनं दुसरं निवडलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात एका सोमवारी रूममेट म्हणाली, चल, आपण गाऊ. ती गात होती, मी साथीला. दुसरं कडवं आलं आणि तिनं आपल्या काढून टाकलेल्या दोन ओळी परत घातल्या. बल्ब उडतो, दुकानं बंद झालेली असतात, आई शेजारणीकडून तिच्या स्वयंपाकघरातला बल्ब उसना आणते. शेजारणीचं घर अंधारात आणि आमच्या दारात उजेड. आम्ही दोघांनी लिहिलेल्या ओळींपेक्षा त्या कितीतरी चांगल्या होत्या.