तारकर्लीतली खोली पुण्याच्या पाहुण्यापर्यंत कशी पोचते

होमस्टे किंवा छोट्या रिसॉर्टच्या बुकिंगचं काम नव्याने हाती घेतलंत, की आधी हातात किती पडतात ते मोजायला शिका. समजा, ओटीएवर, म्हणजे मेकमायट्रिप किंवा बुकिंग डॉट कॉमसारख्या साइटवर, खोली 3000 रुपयांना गेली आणि करारात कमिशन 18 टक्के आहे. 540 कमिशन, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 97.20. उरले 2362.80. वीकेंडच्या ऑफरमध्ये नाव घातलंत तर ती सूट बहुधा तुमच्याच खिशातून जाते, हे ‘ओके’ दाबण्याआधी वाचा.

मुंबई-पुण्याच्या एजंटांना नेट रेट, म्हणजे तुमच्या हातात पडायला हवा तेवढाच दर, द्यायचा. वरचा नफा ते चढवतात. ग्रुप असला की ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाची सोय ते धरूनच चालतात. दर सांगतानाच ती मोजा. अ‍ॅडव्हान्स किती, उरलेले कधी, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या.

खरा घोळ होतो तो डबल बुकिंगचा. दोन साइटचं कॅलेंडर नुसत्या लिंकने जोडलं तर ते लगेच बदलत नाही, मध्ये काही तासही जातात. नाताळच्या आठवड्यात तेवढ्या वेळात तीच खोली दोनदा जाते. मग लहान मुलांना घेऊन घाट उतरून रात्री आठला दारात आलेल्या कुटुंबाला काय सांगणार? म्हणून गर्दीच्या दिवसांत चॅनल मॅनेजर, म्हणजे सगळ्या साइटची कॅलेंडरं एकदम बदलणारं सॉफ्टवेअर, वापरा. ते परवडत नसेल तर शेवटची खोली सगळ्या साइटवरून बंद करून फक्त फोनवर विका. फोनवर ‘हो’ म्हटलंत की पाहुण्याशी बोलता बोलताच कॅलेंडर ब्लॉक करा. ‘नंतर करू’ म्हटलं की राहतंच.

थेट येणाऱ्या पाहुण्याला भाव कमी करावासा वाटतो. पण साइटच्या करारात दर समान ठेवायची अट असू शकते. अशाच अटींवरून 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला दंड केला होता. तुमच्या करारात ती असेल तर जाहीर दर तोच ठेवून नाश्ता आपल्याकडून द्या. घावणे-चटणीचा खर्च कमिशनपेक्षा कितीतरी कमी येतो.

गूगल मॅपवरची पिन मात्र आधी तपासा. ती शेजारच्या वाडीत पडली असेल तर पाहुणा अंधारात भलत्याच अंगणात जाऊन उभा राहतो, आणि रिव्ह्यू तुमच्या नावावर पडतो.