सायफन पुन्हा सुरू होतो का, ते आधी बघा

माझ्या माशांच्या टाकीतलं पाणी जमिनीवर सांडलं त्या रात्री एकही जॉइंट गळत नव्हता, काच तडकलेली नव्हती, पंपही ठणठणीत होता. २० मिनिटं वीज गेली आणि परत आली, इतकंच घडलं. त्याआधीचे ७ आठवडे तीच पाइपलाइन इतकी शांत चालत होती की टाकीशेजारी उभं राहिलं तरी पाणी खाली जातंय हे कळायचं नाही. खाऱ्या पाण्याची टाकी आणि खाली संप, म्हणजे पंप ठेवलेली दुसरी टाकी, अशी रचना पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकाला मला हेच आधी सांगायचं असतं: ड्रेन, म्हणजे वरचं पाणी संपमध्ये आणणारा पाईप, छान चालतोय म्हणून निश्चिंत होऊ नका. पंप बंद करा, परत लावा आणि सायफन आपणहून धरतो का, म्हणजे आतली हवा जाऊन पाईप पूर्ण भरून वाहायला लागतो का, ते बघा.

माझ्याकडे हर्बी पद्धत आहे. टाकीतलं वरचं पाणी ज्यात पडतं त्या ओव्हरफ्लो बॉक्समध्ये दोन पाईप. मुख्य पाईप पूर्ण भरून सायफनवर चालतो, त्याला प्रवाह कमी-जास्त करायला गेट व्हॉल्व्ह. दुसरा इमर्जन्सी, त्याचं तोंड वर, एरवी कोरडा. डर्सो आणि बीनअ‍ॅनिमल या ड्रेनच्या दुसऱ्या पद्धती तुम्ही वाचून आलाच असाल, त्यात शिरत नाही. एकाच भोकाची टाकी मात्र घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. सगळी भिस्त एका पाइपवर असली की त्यात एक गोगलगाय अडकली तरी पुरते.

आता चूक कुठे झाली ते सांगते, जरा सविस्तर, कारण मला ती समजायला बरेच दिवस लागले.

ज्यांच्याकडून मी हे शिकले त्यांना मी दादा म्हणते. ते म्हणाले, "पाईप लांबच ठेव, टोक संपमध्ये खोल जाऊ दे, म्हणजे खळखळ होत नाही." मी दोन्ही पाईप तसेच कापले. पहिल्यांदा पंप लावला तेव्हा वरची टाकी भरलेली होती, पण संपमध्ये पाणी कमी होतं. पाइपांची टोकं उघड्यावरच होती. सायफन मिनिटभरात धरला. मग मी संपमध्ये खुणेपर्यंत खारं पाणी ओतलं आणि टोकं १५ सेंटिमीटर पाण्याखाली गेली. सायफन चालूच राहिला, कारण एकदा भरून वाहायला लागलेल्या पाइपला टोक किती खोल आहे याने फारसा फरक पडत नाही. नंतरच्या ७ आठवड्यांत मी पंप एकदाही बंद केला नाही. पाणी बदलायचं तेही संपमधूनच, थोडं काढून थोडं घालून.

वीज गेली की बॉक्समधलं पाणी पाइपच्या तोंडापर्यंत उतरतं आणि पाइपात हवा भरते. वीज आली की वरून पाणी येतं, पण आतल्या हवेला आधी बाहेर पडावं लागतं. खालचं दार १५ सेंटिमीटर पाण्याने बंद. हवेला तिथून ढकलून काढायचं तर वरून निदान तेवढ्याच उंचीच्या पाण्याचा दाब हवा. माझ्या बॉक्समध्ये मुख्य पाइपच्या तोंडावर जास्तीत जास्त १० सेंटिमीटर पाणी चढू शकत होतं. त्यामुळे हवा खालून न जाता वरूनच फुगे काढत परत येत राहिली आणि भरलेली बाटली उलटी धरल्यावर पाणी जसं डुबुक डुबुक पडतं तसं थोडं थोडंच पाणी खाली गेलं. पंप मात्र पूर्ण जोराने वर पाणी फेकत होता. ते इमर्जन्सीपर्यंत चढलं. तिचंही टोक तितकंच खोल, आणि तिच्या तोंडावर तर काठापर्यंत २ सेंटिमीटरसुद्धा जागा नव्हती. तीही अडली. मग पाणी काठावरून वाहायला लागलं.

एवढ्यावर थांबलं नाही. पाणी जमिनीवर जात असल्यामुळे पंपाच्या कप्प्यातली पातळी उतरली. उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राच्या, ऑटो टॉप-ऑफच्या, सेन्सरला वाटलं बाष्पीभवन झालंय, आणि त्याने २० लिटरचा कॅन संपेपर्यंत आरओचं पाणी ओतलं. टाकी आणि संप मिळून माझ्याकडे एकूण पाणी २५० लिटरच्या आसपास. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता, म्हणजे पाण्याची खारटपणाची पातळी, दर हजारी ३५ वरून ३२ वर आलेली दिसली. मासे ठीक होते, कोरल मात्र दोन दिवस आक्रसलेले. घाबरून एकदम मीठ घातलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं केलं. उडालेल्या पाण्याच्या जागी काही दिवस गोड पाण्याऐवजी खारं पाणी घालत हळूहळू वर आणली.

दुरुस्ती करवतीने १० मिनिटांत झाली. मुख्य पाइपचं टोक आता पाण्याखाली २ सेंटिमीटर आहे. इमर्जन्सीचं टोक पाण्याच्या वर, पूर्ण हवेत. तो पाईप वाहायला लागला की धबधबा ऐकू येतो, आणि तो यायलाच हवा. इमर्जन्सीचा आवाज दाबू नका. रात्री उठवणारी तीच एक गोष्ट आहे.

दादांवर माझा राग नाही. त्यांच्या टाकीत पाइपच्या तोंडावर भरपूर पाणी चढतं, म्हणून त्यांचं चालून जातं. पण सल्ला देणाऱ्याने तुमच्या बॉक्सची उंची विचारली नसेल तर तो सल्ला त्याच्या टाकीसाठी आहे, असं मी आता धरून चालते.

चाचणी अशी घ्या. पंप ५ सेकंद बंद करून लावा, मग १ मिनिट, मग अर्धा तास. तिन्ही वेळा हात न लावता सायफन धरला पाहिजे. नंतर गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि एकट्या इमर्जन्सीला पंपाचं सगळं पाणी झेपतं का ते बघा. झेपत नसेल तर पंप मोठा आहे. लहान घ्या किंवा त्याचा वेग कमी करा. हे सगळं मासे सोडण्याआधी, साध्या पाण्यात करा. मीठ नंतर.

पंप बंद केलात की उलट्या सायफनचाही अंदाज येईल. रिटर्नचं, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणाऱ्या पाइपचं, नॉझल जितकं खाली, तिथपर्यंत टाकी त्याच पाइपातून उलटी रिकामी होते. १०० बाय ५० सेंटिमीटरच्या टाकीत प्रत्येक सेंटिमीटरला ५ लिटर. नॉझल ८ सेंटिमीटर खाली असेल तर ४० लिटर संपमध्ये येणार, वर बॉक्समधलं पाणी वेगळं. तेवढी रिकामी जागा ठेवून मगच चालू पातळीची खूण करा. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यात शेवाळ, मीठ, एखादा शिंपल्याचा कण बसला की तो नीट मिटत नाही. सायफन तोडायला नॉझलजवळ पाडलेलं बारीक भोकही कोरलाइन शेवाळाने बुजतं, ते महिन्यातून एकदा टोचून मोकळं करावं लागतं.

आवाजांना फार भिऊ नका. सतत सूं सूं येत असेल तर मुख्य पाईप हवा ओढतोय, गेट व्हॉल्व्ह किंचित आवळा. फ्लश केल्यासारखा आवाज येऊन थांबत असेल, परत येत असेल, तर सायफन धरतोय आणि तुटतोय. डर्सो असेल तर टोपीतलं हवेचं भोक तपासा. व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवा आणि १० मिनिटं हात बांधून बसा. बॉक्समधली पातळी स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि नवखी माणसं इथेच घाई करून तासभर वरखाली करत बसतात. बॉल व्हॉल्व्हने हे नीट जमत नाही, बोटभर हलवला की खूप फरक पडतो. पंप साफ केल्यावर त्याचा प्रवाह वाढतो, तेव्हा व्हॉल्व्ह परत जुळवावा लागणार हे गृहीत धरा.

आडवा पाईप शक्यतो टाळाच. लागलाच तर उतार द्या आणि ९० अंशाच्या एल्बोऐवजी ४५ चे दोन घाला. सॉल्व्हेंट सिमेंट लावण्याआधी सगळं कोरडं जोडून बघा, आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे फिरवून सुटा करता येणारा जोड, ठेवा, म्हणजे पुढे काही बदलायचं तर पाईप कापावा लागत नाही.

दर महिन्याच्या १ तारखेला मी अजून पंप बंद करून लावते. आधी इमर्जन्सी धो धो वाहते, मुख्य पाइपातून बुडबुड्यांचा लोंढा निघतो, आणि ४० सेकंदांच्या आसपास दोन्ही शांत होतात. २ मिनिटं झाली तरी शांत झाले नाहीत तर पंप बंद करते आणि आधी मुख्य पाइपच्या जाळीत हात घालते. बहुतेक वेळा गोगलगायच असते.