आजीला सांगायचंय? आधी मेथीची जुडी आणा

घरी आपलं कळलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आजीला सांगू नको हां, तिला झेपायचं नाही". मी गे आहे हे आईला सांगितलं तेव्हा तिनेही हेच म्हटलं आणि मी तीन वर्षं गप्प, नंतर कळलं घाबरली होती ती आईच, आजीचं नुसतं नाव पुढे. तेव्हा आधी बघा नक्की घाबरतंय कोण.

आणि हो, शिक्षणाचा, राहण्याचा खर्च घरच्यांवर असेल आणि घरात हात उचलणारं कोणी असेल तर थांबा. नोकरी लागू द्या, कागदपत्रं स्वतःकडे ठेवा, रात्री बाराला दार उघडेल असा एक मित्र बघून ठेवा. उशीर झाला तरी चालतो.

सणाला सांगू नका. मी रंगपंचमी निवडली होती, म्हटलं सगळे रहाडीवर, म्हणजे आमच्या नाशकातल्या रंगाच्या मोठ्या हौदावर, गेलेत, आजी एकटीच आहे, आणि तोंड उघडतो तोच आत्या नखशिखांत पिवळीधमक होऊन दारात, झालं, राहिलं ते वर्षभर.

दोघांचे हात कामात असले की बरं, नजरेला नजर द्यावी लागत नाही. आम्ही मेथी निवडत होतो. 'गे' तिला कळत नाही, 'समलिंगी' म्हटलं की पेपरातली बातमी वाटते, म्हणून साधं सांगितलं, "आजी, मला बायको नको, मला मुलगेच आवडतात, लहानपणापासून असंच आहे." ती म्हणाली, "हात चालव, काड्या राहतायत." मग दोन दिवस काहीच नाही. हे दोन दिवस काढायची तयारी ठेवा, मागे लागू नका, उत्तर तर अजिबात मागू नका.

तिसऱ्या दिवशी प्रश्न येतात. "डॉक्टरला दाखवायचं का?" तर हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच यादीतून काढलंय, आणि कोणी 'बरं करतो' म्हणाला तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये असले उपचार गैरवर्तन ठरवलेत हे सांगा. "पोलीस धरतील का?" हा खरं तर काकांचा प्रश्न, त्यांना 6 सप्टेंबर 2018 चा कलम 377 चा निकाल सांगा, दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे असे संबंध आता गुन्हा नाहीत, आणि विषय संपवा. लग्नाचं मात्र खोटं बोलू नका, ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मान्यता दिलेली नाही.

आजीचा खरा घोर वेगळाच असतो, म्हातारपणी तुझं कोण बघणार. इथे प्रेमाबिमाचं बोलून काही होत नाही, बँकेचं सांगा. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने स्पष्ट केलंय की आपल्यासारख्यांना जॉइंट खातं काढता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं. आजी पोस्टात बचत करणारी बाई, नॉमिनी शब्द तिला माझ्यापेक्षा नीट कळतो.

जोडीदाराला थेट घरी आणू नका, सगळे सोफ्यावर ओळीत बसतात आणि पोहे गार होतात. मी त्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीकाठी, बुधवारच्या बाजारात आणला, आजीची पिशवी धरायला. त्याने भाव न करता कोथिंबीर घेतली, ते ती अजून काढते. परत येताना रिक्षात मला हळूच म्हणाली, "तुझ्या आत्याला इतक्यात सांगू नको हां, तिला झेपायचं नाही."