लिहा, नाहीतर येऊन सांगा

वडोदऱ्यात शिकवायला लागले, त्या पहिल्याच सत्रात असाइनमेंटचा गठ्ठा दांडिया बाजारातल्या घरी आणला. विषय होता सयाजीराव महाराजांचं सक्तीचं प्राथमिक शिक्षण. १८९३ मध्ये अमरेलीत सुरुवात, १९०६ मध्ये सबंध संस्थानात. साठातल्या निम्म्या वह्यांत अमरेलीची 'अमरावती' झालेली! एकाने चूक केली, बाकीच्यांनी इमानेइतबारे उतरवली.

पुढच्या वेळी म्हटलं, लिहा नाहीतर येऊन सांगा. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मॅडम, लखवा करतां बोलवानुं फावशे." (लिहिण्यापेक्षा बोलणं जमेल.) तीच मुलगी हातात एवढीशी चिठ्ठी घेऊन आली. मी विचारलं, "मूल शाळेत नाही आलं तर दंड कोणाला?" "आईबापाला," म्हणाली, आणि जरा थांबून, "पण पोराच्या मजुरीवर ज्यांची चूल, ते दंड भरणार कुठून?" हे एकाही वहीत नव्हतं.

नव्याने शिकवायला लागणाऱ्यांनी आधी वेळेचा हिशोब करावा. साठजण, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे दहा तास. मी पाच मिनिटं बोलणं आणि तीन मिनिटं प्रश्न ठेवते. प्रश्न गाळू नका. पाठ करून आलेला तिथेच कळतो. लेखीला आणि तोंडीला निकष तेच, आधीच सांगितलेले. भाषा गुजराती, मराठी, हिंदी, काहीही चालेल. ऐटीत बोलण्याला मी गुण देत नाही. (मोह होतो, खोटं कशाला सांगू.)

मी तोंडघशी पडले ते पुराव्यापायी. एकाने विचारलं, वीसपैकी अकराच का? माझ्याकडे कागदाच्या कपट्यावर फक्त 'छान, पण वरवरचं'. वही निदान उघडून दाखवता येते. आता विचारून फोनवर आवाज रेकॉर्ड करते आणि प्रत्येक निकषाचे गुण, पुढचा मुलगा आत यायच्या आधी मांडते.

सक्ती मात्र नको. बोलताना अडखळणाऱ्या एका मुलाने लेखीच दिलं, आणि उत्तम दिलं. कुणाला बोलायचंय पण वर्गासमोर नको असेल, तर स्टाफरूममध्ये एकट्याचं ऐकते.

आणि हो, नवरात्रात तोंडी ठेवू नका. गरब्याने निम्म्यांचे आवाज बसलेले असतात, उरलेले बाकावर डुलक्या घेत असतात.