पाय वाचवायचा असेल तर या चुका टाळा

पायाचा रक्तपुरवठा कमी झालेले पेशंट येतात तेव्हा फाईल जाडजूड असते. कमरेचा एमआरआय असतो, साखरेचे रिपोर्ट असतात, चार प्रकारच्या मलमांच्या चिठ्ठ्या असतात. पायाची नाडी कोणी चाचपून पाहिल्याची नोंद मात्र नसते. राग येतो तो याचाच.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे रक्त पोचतंय का हे न बघता काळं पडलेलं बोट कापणं. साठीतले एक शेतकरी आले होते. मधुमेह जुना, बिडी सुटलेली नाही. चप्पल लागून करंगळीला जखम झाली, बोट काळं पडलं, जवळच्या दवाखान्यात ते काढलं. जखम भरेना म्हणून शेजारचं काढलं, मग त्याच्या शेजारचं. दर वेळी उत्तर एकच, ‘साखर जास्त आहे.’ माझ्यासमोर आले तेव्हा अर्धं पाऊल उघडं पडलं होतं. गुडघ्यामागे नाडी लागत होती. पावलावर नाही, घोट्यामागेही नाही. म्हणजे अडथळा गुडघ्याखाली, मधुमेहात बहुतेकदा असतो तिथेच. अँजिओप्लास्टीने एक धमनी उघडली आणि त्यानंतरच मेलेला भाग काढला. टाच वाचली, ते चालतात. पण हीच धमनी करंगळीच्या वेळी उघडली असती तर बहुधा एका बोटावर निभावलं असतं. पाटाला पाणीच नसेल तर वाळलेली पानं छाटून ऊस हिरवा होत नाही.

म्हणून बोट काळं, कोरडं आणि बिनवासाचं असेल तर ते कोरडंच झाकून ठेवा आणि आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनला गाठा. पू, वास, ताप किंवा वर चढणारी लाली असेल तर मात्र थांबू नका. पू त्याच दिवशी निघाला पाहिजे, आणि रक्तपुरवठ्याचा इलाज लगोलग.

माझी सवय साधी आहे. तक्रार काहीही असो, दोन्ही मोजे काढायला लावतो, नाड्या बघतो, मग घोट्याशी रक्तदाब मोजून त्यातल्या वरच्या आकड्याला दंडाच्या वरच्या आकड्याने भागतो. उत्तर ०.९ च्या खाली आलं तर धमन्या अरुंद झाल्या आहेत. मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. १.४ च्या वर गेला तर त्यावर विसंबू नका, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्या.

दुसरी चूक शेकण्याची. पाय गार लागला की घरचे मायेने गरम पाण्याची पिशवी ठेवतात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही, आणि कमी रक्तामुळे ती उष्णता वाहूनही जात नाही. सकाळी टाचेला फोड, महिन्याभरात तिथे न भरणारी जखम. सैल सुती मोजे आणि पांघरूण पुरे.

कुरूप ब्लेडने कापू नका, कॉर्न कॅपही (कुरूप जाळणारी औषधी पट्टी) लावू नका.

व्हेरिकोजचे, म्हणजे फुगलेल्या शिरांसाठीचे, घट्ट मोजे नाड्या तपासल्याशिवाय चढवू नका.

मिश्री हा तंबाखूच आहे. ‘मी फक्त मिश्री लावते’ म्हणणाऱ्या मावशींनाही तेच सांगतो, दिवसाला एक बिडीसुद्धा ‘कमी’ नाही. बर्जर आजारात, म्हणजे तंबाखूने हातापायांच्या लहान धमन्या बुजतात त्यात, तर तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय दुसरा कुठलाही इलाज टिकत नाही.

चालताना पोटरी भरून येते आणि नुसतं उभं राहिलं की काही मिनिटांत उतरते, तर मणक्याच्या मागे लागण्याआधी धमन्या तपासा. जखम नसेल तर चालणं हाच मोठा उपचार आहे. दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडणारेच पुढे स्टेंट कधी टाकता विचारतात, आणि स्टेंट पडला की ॲस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) बंद करतात. तो स्टेंट बुजायला वेळ लागत नाही.

रात्री पाय खाटेखाली सोडल्यावरच झोप लागत असेल तर पुढच्या महिन्याची तारीख घेऊ नका, याच आठवड्यात दाखवा. आणि पाय अचानक पांढरा, गार पडून असह्य दुखायला लागला तर हातात साधारण सहा तास असतात. रक्तवाहिन्यांचं ऑपरेशन होतं का हे फोनवर विचारून तिथेच थेट निघा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. वाटेत चोळू नका, शेकू नका.