हनुमानासन, बकासन, शीर्षासन: अवघड आसनं सुरू करताना अंग कसं सांभाळायचं

सूर्यनमस्कार, त्रिकोणासन, भुजंगासन हे सगळं वर्ष-दोन वर्षं नियमित झालंय आणि आता पुढची आसनं खुणावतायत, अशांसाठी हे लिहितेय. अगदी नवीन असाल तर अजून थांबा.

मी बडोद्याची, रोज पहाटे गच्चीवर सतरंजी टाकून करते. सहा वर्षांपूर्वी एका क्लासमध्ये हनुमानासन, म्हणजे एक पाय सरळ पुढे आणि दुसरा सरळ मागे पसरून बसायचं आसन, करताना शिकवणाऱ्याने मागून खांद्यावर दाब दिला, अजून थोडं, अजून थोडं म्हणत, आणि मांडीच्या मागे अगदी वर, आपण ज्या हाडावर बसतो ना तिथे, बारीकसं टच्च झालं. त्या दिवशी फार दुखलंही नाही. पण पुढचे आठ महिने स्कूटरवर बसलं की कळ, पोळ्या लाटताना पुढे वाकलं की कळ. नंतर समजलं की स्नायूला रक्त भरपूर मिळतं म्हणून तो लवकर भरून येतो, पण तो हाडाला जिथे चिकटतो ते टेंडन फार सावकाश भरतं. ताकद वाढतानाही तेच, स्नायू काही आठवड्यांत तयार वाटतात आणि टेंडन महिनोन्महिने मागे असतं, म्हणून "आता जमायला लागलं" असं वाटतं ना तेव्हाच हात आखडता घ्यायचा.

तेव्हापासून मी एक कसोटी लावते. पाठीवर झोपा, एक पाय गुडघ्यात न वाकवता, हात न लावता वर उचला, कुठवर येतो बघा. मग तळपायाला ओढणी अडकवून तोच पाय ओढा. समजा स्वतःहून साठ अंशांपर्यंत आला आणि ओढून नव्वदपर्यंत, तर मधले तीस अंश तुमच्या ताब्यात नाहीयेत, तिथे पाय जातो पण तिथे त्याला सांभाळणारं कोणी नाही. दुखापत बहुतेक याच टप्प्यात होते. म्हणून नव्वदचे शंभर करायच्या मागे न लागता साठचे पंचाहत्तर करा. ओढणीने पाय वर आणायचा, मग ओढणी सैल सोडायची आणि पाय तिथेच पाच सेकंद धरायचा, थरथरेल, थरथरू दे. नंतर उलटं, ओढणी घट्ट धरून टाच जमिनीकडे सहा सेकंद दाबायची, सोडायची, आणि ताण वीस-तीस सेकंद शांत घ्यायचा. असं तीन-चारदा, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. रोज जोर लावून ताणू नका, मधल्या दिवशीच शरीर दुरुस्तीचं काम करतं.

हनुमानासनही मग याच पद्धतीने, पुढच्या मांडीखाली लोड किंवा दोन उशा, दोन्ही हातांखाली योगाच्या विटा, आणि खाली लोंबकळायचं नाही तर दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांकडे खेचत राहायचे. वर येतानाही तितकंच हळू. आसन सोडताना धपकन सोडणं ही सगळ्यात वाईट सवय, उसण त्याच क्षणी भरते.

ताकद आधी हा काही माझा शोध नाही. आपल्या गावातलंच उदाहरण घ्या, स्वामी कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, बडोद्याजवळच्या डभोईचा. १९०७ ते १९१० या काळात ते इथे बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात तयार झाले, योगाकडे वळले ते नंतर आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढून आसनं-क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते एक्स-रे लावून तपासत राहिले. आधी आखाड्याची माती, मग आसन. दांडिया बाजारातल्या त्या व्यायाम मंदिरावरून जाताना मला हे दर वेळी आठवतं.

बकासनाचं, म्हणजे दोन्ही हातांवर सगळं अंग तोलायच्या आसनाचं, सांगते. आधी मनगटं, चार पायांवर येऊन बोटं पुढे, मग बाजूला, मग आपल्याकडे वळवून मागेपुढे झुलायचं, दोन मिनिटं तरी. एक मिनिट प्लँक आणि पाच सावकाश दंड कंबर न लोंबता होत असतील तरच पुढे जा. समोर जाड उशी ठेवा, पडायची भीती निम्मी होते. आता तळहात टेकल्यावर बोटांच्या टोकांनी सतरंजी अशी पकडा की नखं पांढरी पडतील, कारण सगळा भार तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर आला की दोन आठवड्यांत मनगट धरतं. गुडघे दंडावर, काखेच्या जितके जवळ तितकं बरं, पाठ वर गोल, नजर हातांच्या थोडी पुढे. पाय उडी मारून उचलायचे नाहीत, वजन पुढे सरकवत राहा, एका क्षणी पाय आपोआप हलके होतात. तीन श्वास पुरेत.

शीर्षासनात हात कितीही नीट काम करत असले तरी मानेवर भार येतोच, त्यामुळे महिनाभर डोकं न टेकवता फक्त कोपरांवर डॉल्फिन करा, म्हणजे कोपरं-पाय टेकून कंबर वर उचला, खांदे कानांपासून लांब ढकलत. पाय झोका देऊन वर फेकू नका, आणि वर असताना मान इकडेतिकडे अजिबात वळवायची नाही. बीपी जास्त असेल, मानेचा स्पाँडिलायसिस असेल, काचबिंदू असेल तर शीर्षासन नकोच, उलटं उभं राहिल्यावर डोळ्यातलं प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं हे मोजून पाहिलेलं आहे. गरोदरपणात किंवा ऑपरेशननंतर डॉक्टरांना विचारूनच. सर्वांगासनात खांद्यांखाली दोन-तीन घड्या घातलेली ब्लँकेटं घ्या, मान त्यांच्या बाहेर मोकळी.

पद्मासनात पाय खुब्यातून वळायला हवा, गुडघ्यातून नाही. गुडघ्यात टोचलं की पाय सोडा, खुबा मोकळा व्हायला वर्ष लागलं तरी चालेल.

दुखण्यातला फरक ओळखायला शिका. स्नायूच्या मधल्या भागात पसरट ताण येतो तो ठीक. सांध्यात टोचणं, हाडाजवळ एका बिंदूवर कळ, मुंग्या, बधिरपणा, विजेसारखी चमक, यातलं काहीही आलं की सावकाश बाहेर या, आणि मुंग्या उठल्यावरही टिकत असतील तर डॉक्टरांकडे जा. नाकाने श्वास चालेनासा झाला म्हणजेही पुढे गेलात.

आता आपल्या हवेचं. थंडीत पहाटे अंग आखडलेलं असतं, पाच-सहा सूर्यनमस्कारांनी घाम फुटल्याशिवाय खोल आसन नको. मे महिन्यात उलटं, उन्हाळ्यात अंग इतकं सैल वाटतं की आपण नेहमीपेक्षा पुढे जातो आणि दुसऱ्या दिवशी कळतं. पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन-चार तास, सेव-उसळ नंतर खा. नवरात्रात रात्री दोन-तीन तास गरबा खेळताय ना, पोटऱ्या आणि गुडघे आधीच थकलेले असतात, त्या नऊ दिवसांत बॅलन्सची आणि पद्मासनाची आसनं बंद ठेवा, भिंतीवर पाय टेकून दहा मिनिटं पडून राहा.

आणि उत्तरायण, म्हणजे संक्रांत. दोन दिवस मान वर करून पतंग उडवल्यावर मान किती धरते ते सगळ्यांना माहितीये, तरी १६ जानेवारीला सकाळी शीर्षासन करायला उभे राहणारे मी पाहिलेत. वासी उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसानंतर, तीन दिवस शीर्षासन, सर्वांगासन, चक्रासन काहीच नको, खांदे फिरवा, मार्जरासन करा, गरम पाण्याची पिशवी मानेला लावा, आणि मान दोन्हीकडे सारखी वळायला लागली की मग परत सुरू करा, तेही डॉल्फिनपासून.